तलवारीच्या टोकावरची माशी : लिप्पेतले पाच दिवस

पहिला दिवस : हॅनोव्हर ते डेटमोल्ड

मिरजेचे माझे मामा छत्तीस वर्षं शाळामास्तर होते आणि त्या छत्तीस वर्षांत निवडणुकीची ड्यूटी त्यांना एकदाही चुकली नाही. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा, सगळ्या केल्या. मतपेटीला सील करताना लाखेनं भाजलेल्या बोटाचा डाग ते अजून दाखवतात. महिनाभर माझ्याकडे हॅनोव्हरला राहायला आले, तेव्हा मी काढून ठेवलेली सगळी माहितीपत्रकं त्यांनी बाजूला सारली. "ऱ्हाईन नदी वगैरे राहू दे. इथं आपल्या सांगलीसारखी संस्थानं होती म्हणे. एखादं जवळपास आहे का?"

होतं. आगगाडीनं दोनेक तासांवर, लिप्पे.

लिप्पेचं क्षेत्रफळ १,२१५ चौरस किलोमीटर. सांगली संस्थान याच्या दुपटीहून मोठं होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथली लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. तरी त्याला स्वतःचं विधिमंडळ होतं, स्वतःचं सरकार होतं आणि बर्लिनमधल्या राज्यांच्या सभागृहात स्वतःचं एक मत होतं. राजा गेल्यावर ते 'लिप्पे मुक्त राज्य' झालं आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेलं हे राज्य १९३३च्या जानेवारीत दहा-बारा दिवसांसाठी सगळ्या जर्मनीच्या तोंडी आलं. कारण एक निवडणूक. एवढं सांगितल्यावर मामांनी बॅग भरायला घेतली. भडंगाचा पुडा सगळ्यात वर.

हेरफोर्डला गाडी बदलायची होती. आमची उशिरा पोचली आणि पुढची डोळ्यांदेखत निघून गेली. मी चडफडत होते. मामा बाकावर बसून भडंग खात होते. "मिरज जंक्शनवर जन्म गेलाय गं माझा," एवढंच म्हणाले.

डेटमोल्डला पोचेपर्यंत अंधार पडला. गाव छोटं, मध्यभागी राजवाडा, भोवती लाकडी चौकटीची जुनी घरं. जेवायला 'पिकर्ट' मिळालं. किसलेला बटाटा, मैदा, अंडी, यीस्ट आणि बेदाणे एकत्र भिजवून फुगू द्यायचं आणि तव्यावर जाडसर भाजायचं. कडा कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत. वर आलुबुखाराचा मुरंबा. इथले लोक त्यावर कलेजीचं सॉसेजही फासतात, ते मी मामांना सांगितलं नाही. मामांनी दोन खाल्ली आणि निकाल दिला, "बटाट्याचं गोड थालीपीठ. पण मीठ कमी आहे." वाढणाऱ्या बाईंनी हसून सांगितलं की हे गरिबाचं जेवण, आणि बाकीचे जर्मन आम्हाला कंजूष म्हणतात ते तुम्ही ऐकलं असेलच. मामांना हे राज्य एकदम आवडलं.

दुसरा दिवस : डेटमोल्ड

सकाळी राजवाडा. आत फिरवतात, झुंबरं, गालिचे दाखवतात, ते सगळीकडे सारखंच. मामांचा जीव दुसऱ्याच प्रश्नात अडकला होता : "राजा गेला तेव्हा तनखा ठरला का?"

शेवटचा राजा लिओपोल्ड चौथा. १२ नोव्हेंबर १९१८ला त्यानं गादी सोडली. जर्मनीचा सम्राट कैसर पायउतार झाल्याला तीन दिवस झाले होते, इथं कामगार आणि सैनिकांची समिती उभी राहिली होती. गोळी चालली नाही. या घराण्यानं आधीची दहा वर्षं, १८९५ ते १९०५, गादीच्या वारसावरून शेजारच्या शाउमबुर्ग-लिप्पेच्या घराण्याशी कोर्टकज्जे केले होते. कैसरनं उघडपणे शाउमबुर्गची बाजू घेतली होती. एवढं भांडून मिळवलेली गादी पुढं तेरा वर्षंच टिकली. नंतरच्या वाटणीत वाडा घराण्याकडे राहिला, बहुतेक शेतजमिनी आणि जंगलं राज्याकडे गेली. "म्हणजे वाडा राजाला आणि उत्पन्न सरकारला," मामा म्हणाले. "हुशार माणसं दिसतात."

त्या हुशार माणसांत पहिलं नाव हाइनरिश ड्राकेचं. १८८१चा जन्म, लेमगो गावचा, सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा, म्हणजे एसपीडीचा. लिप्पेला मुख्यमंत्री नव्हता, तीन जणांचं अध्यक्षमंडळ राज्य चालवायचं. १९२० ते १९३३ ड्राके त्याचा म्होरक्या होता. त्याच तेरा वर्षांत बर्लिनमध्ये किती चॅन्सेलर आले आणि गेले ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. इथं मात्र तोच माणूस, जंगलाचा हिशेब, खनिज पाण्याच्या स्नानगृहांचं उत्पन्न आणि रस्त्यांची खडी बघत बसलेला. एवढंसं राज्य कशाला चालवायचं, प्रशियात, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्यात, विलीन व्हा, असं तेव्हा लहान राज्यांना सारखं ऐकावं लागे. वाल्डेक १९२९मध्ये खरोखरच प्रशियात गेलं. लिप्पे गेलं नाही.

दुपारी कालव्याकाठच्या बाकावर बसलो. पाणी काळंशार, वर पिवळी पानं तरंगत होती. मी फोनवर आकडे वाचत गेले आणि मामांनी कालच्या तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडणी सुरू केली. या सहलीतलं मला सगळ्यात आवडलेलं दृश्य हेच. वाडा नाही, संग्रहालय नाही. साठ-सत्तर निवडणुका मोजलेला माणूस ९० वर्षांपूर्वीच्या, परक्या मुलखातल्या मतांची बेरीज जुळवतोय.

विधिमंडळात २१ जागा. मागची निवडणूक जानेवारी १९२९ची. तेव्हा नाझी पक्षाला इथं साडेतीन टक्क्यांच्याही आत मतं होती, जागा एकही नाही. मग मंदी आली. जुलै १९३२च्या राइशटागच्या, म्हणजे देशाच्या संसदेच्या, निवडणुकीत याच लिप्पेत त्यांना ४१ टक्के मिळाले. नोव्हेंबरात पुन्हा देशभर निवडणूक झाली आणि आकडा ३४.७वर घसरला. देशभरातही तेच झालं, त्यांची वीस लाख मतं गेली. पक्षावर कर्ज. डिसेंबरात ग्रेगोर श्ट्रासरसारखा मोठा नेता पदं सोडून बाहेर पडला. आता उतरणीला लागले, असं भलेभले लिहू लागले होते. आणि नेमकी त्याच वेळी लिप्पेच्या विधिमंडळाची चार वर्षांची मुदत संपली. रविवार, १५ जानेवारी १९३३, मतदान.

"मतदार किती?" मामांनी विचारलं.

सव्वा लाखाच्या आत. देशभरात चार कोटींच्या वर.

मामांनी भागाकार केला. "पावणेचारशे माणसांत एक. एवढ्यासाठी मोठा नेता गावोगाव फिरतो? आमच्याकडं झेडपीच्या पोटनिवडणुकीला मंत्री येतात तसं झालं हे."

अगदी तसंच. शिवाय जागा निवडून घेतली होती, हे मामांच्या लगेच लक्षात आलं. लिप्पेतली वस्ती बहुतेक प्रोटेस्टंट, गावं लहान, शेतकरी आणि कारागीर. अशा मुलखात नाझींना मतं पडायची. पलीकडचा पाडरबोर्नचा पट्टा कॅथलिक, तिथं चर्चजवळच्या सेंटर पक्षापुढं त्यांची डाळ शिजत नव्हती. म्हणजे सबंध जर्मनीच्या मनाचा कौल घ्यायचा म्हणून लिप्पे गाठलं नव्हतं. जिथं पीक हमखास येतं तिथंच पेरणी केली होती.

निकाल : वैध मतं ९९ हजारांच्या आसपास, त्यातली नाझींना ३९ हजार, म्हणजे साडेएकोणचाळीस टक्के. जागा ९. एसपीडीला ७, कम्युनिस्टांना २. उरलेल्या तीन जागा तीन लहान पक्षांना एकेक, त्यांतले दोन उजवीकडचे राष्ट्रवादी आणि उदारमतवादी, तिसरा प्रोटेस्टंट ख्रिस्ती.

मामांनी पेन्सिल टेकवली. "बहुमत अकराला. ह्यांच्या नऊ. म्हणजे जिंकले नाहीतच." मग जुलैच्या आकड्याभोवती गोल केला. "आणि हे ४१. एवढं करून जुलैइतकी मतंसुद्धा परत आली नाहीत की गं. नोव्हेंबरच्या मानानं वाढली, तेवढंच."

तेवढंच. त्यातही एसपीडीची मतं नोव्हेंबरपेक्षा चारेक हजारांनी वाढली होती, हे दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत कुठं नव्हतं. नाझींची वाढ बऱ्याच अंशी शेजारच्या उजव्या पक्षांच्या ताटातून आली होती. पण गोबेल्सच्या वृत्तपत्रांनी 'लिप्पेचा इशारा' म्हणून असा डंका पिटला की वाचणाऱ्याला वाटावं, सगळा देशच फिरला. बर्लिनच्या एका उदारमतवादी वृत्तपत्रानं टोमणा मारला, त्याचा आशय असा की लिप्पेच्या रणांगणावरून हिटलर काय जिंकून परतला, तर तलवारीच्या टोकावर टोचलेली एक माशी.

मामांना ही माशी इतकी आवडली की तिकिटाच्या कोपऱ्यात त्यांनी तिचं चित्र काढलं.

तिसरा दिवस : ग्रेवेनबुर्ग

गाडी भाड्यानं घेतली आणि पूर्वेकडे निघालो. नांगरलेली काळी शेतं, मध्येच बीचची झाडी, वळणावर एखादं गाव. ग्रेवेनबुर्गची गढी लिप्पेच्या सरहद्दीच्या जरा बाहेर, नीहाइम गावच्या हद्दीत आहे. तेव्हा तो भाग प्रशियातला. बॅरन फॉन ऑयनहाउझेन नावाच्या सरदाराची ही गढी, आणि प्रचाराच्या दिवसांत हिटलरचा मुक्काम इथं. म्हणजे राज्य जिंकायला निघालेल्यानं तंबू ठोकला तो राज्याबाहेर. खाजगी मालमत्ता असल्यानं आत जाता येत नाही. आम्ही रस्त्यावर गाडी लावून झाडांमधून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं : दगडी भिंतीचा तुकडा, वर उतरतं छप्पर. बघण्यासारखं काही नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

४ जानेवारीची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. त्या दिवशी दुपारी हिटलर कोलोनमध्ये होता. बँकर कुर्ट फॉन श्र्योडरच्या घरी त्याची माजी चॅन्सेलर पापेनशी गुप्त भेट झाली. पुढच्या २६ दिवसांत हिटलरला चॅन्सेलर करणारी जी कारस्थानं झाली त्यांचं एक टोक त्या दिवाणखान्यात आहे. तिथून उठून तो लिप्पेत आला आणि त्याच संध्याकाळी ब्योझिंगफेल्ड आणि डेटमोल्डला त्याच्या सभा झाल्या. तिथून मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत त्याची १६ भाषणं झाली. लिप्पेत एवढी मोठी सभागृहं कुठली? म्हणून भले मोठे तंबू आणले. जानेवारीचा गारठा, रस्त्यांवर बर्फाचा चिकट थर, आणि बाहेरून आणलेले तपकिरी सदऱ्यातले एसएचे, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाचे, जथे गावागावांतून चालत. गोबेल्स, ग्योरिंग, सगळे इथं राबले. एरवी बर्लिनमधल्या भव्य सभागृहांत बोलणारी माणसं लिप्पेच्या पाचशे-हजार वस्तीच्या गावांत जाऊन ओरडत होती.

"पैसा कुठून?" मामांचा प्रश्न.

पैसा नव्हताच. तिजोरीत खडखडाट होता, हे गोबेल्सनं स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. सभेला तिकीट असायचं, त्या पैशांवर पुढची सभा.

मामा गढीकडे बघत बराच वेळ उभे होते. मग त्यांच्या स्वभावाला न शोभणारं काहीतरी बोलले. "१९७८ला आमच्या एका गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होती. एक बाजू हरणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. मतदानाच्या आधी आठ दिवस त्यांनी रोज मिरवणूक काढली, ट्रॅक्टर, बेंजो, गुलाल. रोज. निकाल लागला, तीन मतांनी हरले. पण दुसऱ्या दिवशी तालुक्यात ज्याला त्याला वाटत होतं की हेच जिंकले. पंचायत समितीत त्यांचाच माणूस घेतला मग."

मी विचारलं, "आणि खरे जिंकलेले?"

"ते शेतात गेले, खुरपणी होती."

ड्राकेची माणसं खुरपणीलाच गेली होती असं नाही. एसपीडीनं आणि कामगार संघटनांनी लिप्पेत जोरात प्रचार केला, म्हणून तर मतं वाढली. पण ती वाढ कुणी मिरवली नाही.

परत येताना लागे गावाजवळच्या वीटभट्टीच्या संग्रहालयात तासभर घालवला. लिप्पेची माणसं शेकडो वर्षं विटा पाडायला बाहेर जात. वसंतात टोळ्या निघायच्या, हॉलंडपर्यंत, उत्तर जर्मनीभर, आणि पानगळीत परत. गावं उन्हाळाभर बायका, पोरं आणि म्हाताऱ्यांची. मामा म्हणाले, आपल्याकडं दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तसंच हे, फक्त ऋतू उलटा. एसपीडीची जुनी ताकद याच टोळ्यांच्या घरांत होती, हे कळल्यावर त्यांनी एक वीट हातात घेऊन वजन बघितलं आणि परत जागेवर ठेवली.

चौथा दिवस : हर्मन, दगड आणि लेमगो

डेटमोल्डच्या डोक्यावर डोंगरात हर्मनचा पुतळा आहे. इसवी सन ९मध्ये रोमन सैन्याचा धुव्वा उडवणारा जर्मन सरदार. चौथऱ्यासकट उंची ५३ मीटरच्या वर. एर्न्स्ट फॉन बांडेल नावाच्या शिल्पकारानं १८३८ला काम सुरू केलं आणि १८७५ला पुरं केलं. मधली कितीतरी वर्षं पैसे नाहीत म्हणून काम बंद. सात मीटरची तलवार आकाशात उगारलेली, तिच्यावर लिहिलंय : जर्मन ऐक्य माझं बळ, माझं बळ जर्मनीची सत्ता. गंमत म्हणजे ती लढाई इथं झालीच नसावी, असं आता बरेच अभ्यासक म्हणतात. रोमन नाणी आणि शस्त्रं सापडली ती इथून बरीच लांब, ओस्नाब्र्युकजवळच्या काल्क्रीझेत.

१९३३च्या प्रचारात हा हर्मन नाझींना आयताच मिळाला. 'हर्मनचा मुलूख मुक्त करा' वगैरे. पुतळ्याच्या पायाशी उभं राहून मामांनी मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "माशी दिसत नाही गं."

शेजारची जर्मन आजी आम्हा दोघांना हसताना पाहून स्वतःही हसली. कशाला ते तिला माहीत नव्हतं.

तिथून एक्स्टर्नश्टाइन. जंगलातून एकदम उभे राहिलेले वाळूच्या दगडाचे उंच सुळके, एकावर बाराव्या शतकातलं कोरीवकाम, ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाचं. दगड सुंदर आहेत. पण १९३३नंतर हिमलरला इथं प्राचीन जर्मनांचं देवस्थान हवं होतं, त्यासाठी उत्खननं झाली, पाहिजे तो निष्कर्ष काढून घेतला गेला. मामा पायऱ्या चढले नाहीत. खाली तळ्याकाठी बसून त्यांनी पोरांचे फोटो काढून दिले, ओळख ना पाळख.

दुपारी लेमगो, ड्राकेचं गाव. त्याची पुढची हकिकत मी मामांना इथं, बाजारचौकात सांगितली. ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला आणि फेब्रुवारीत ड्राकेचं अध्यक्षमंडळ गेलं. मेमध्ये लिप्पे आणि शाउमबुर्ग-लिप्पेवर मिळून एक राइश-प्रतिनिधी, म्हणजे बर्लिनच्या सरकारचा माणूस, नेमला, आल्फ्रेड मायर. हाच मायर १९४२मध्ये वानझेच्या बैठकीत हजर होता, जिथं युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची प्रशासकीय आखणी झाली. १९३४च्या जानेवारीत देशातली सगळी राज्य विधिमंडळं कायद्यानं बंद झाली. नऊ जागांसाठी एवढा गदारोळ केला ते सभागृह वर्षभरात उरलंच नाही. लिप्पे मात्र नावाला राहिलं, ते युद्ध संपेपर्यंत.

एप्रिल १९४५ला अमेरिकी फौजा आल्या. थोड्याच दिवसांत राज्य चालवायला कुणाला बोलावलं? ड्राकेला. आणि या माणसानं आपलंच राज्य विकायला काढलं. विकायला म्हणजे, स्वतंत्र राहणं परवडणार नाही हे त्यानं ओळखलं. एका बाजूला हॅनोव्हरवाले, दुसऱ्या बाजूला नवं नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन. दोघांशी बोलणी केली आणि ज्यानं जास्त दिलं त्याच्याकडे गेला. २१ जानेवारी १९४७ला लिप्पे नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये विलीन झालं. बदल्यात विभागाचं मुख्यालय मिंडेनहून डेटमोल्डला आलं आणि लिप्पेची जंगलं, जमिनी, स्नानगृहं राज्याच्या तिजोरीत न जाता लिप्पेच्याच एका संस्थेकडे राहिली. ती संस्था आजही चालू आहे. नव्या राज्याच्या राजचिन्हात एक लाल गुलाब आला, तो लिप्पेचा. त्या विभागाचा पहिला प्रमुख कोण? पुन्हा ड्राकेच.

मामा मिनिटभर गप्प. मग म्हणाले, "आमचं सांगली १९४८च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात गेलं. मी लहान होतो. आम्हाला काय मिळालं?" मी काही बोलले नाही. "गणपती मंदिर तेवढं ट्रस्टकडं राहिलं," त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. कंजूष माणसांच्या राज्याबद्दल त्यांचा आदर त्या दिवशी आणखी वाढला.

पाचवा दिवस : क्लायनेनबर्गचं जंगल

हा दिवस मी यादीत शेवटी ठेवला होता, मुद्दाम.

डेटमोल्डमध्ये एसपीडीचं 'फोल्क्सब्लाट' नावाचं दैनिक होतं. १९२९पासून त्याचा संपादक फेलिक्स फेशेनबाख. मेरगेंटहाइमचा ज्यू मुलगा, १८९४चा. तरुणपणी म्युनिकमध्ये, राजा गेल्यानंतरच्या बव्हेरियाचे पहिले पंतप्रधान कुर्ट आइझनर यांचा सचिव. १९१९मध्ये आइझनरना भर रस्त्यात गोळ्या घातल्या तेव्हा हा त्यांच्याबरोबर चालत होता. १९२२मध्ये देशद्रोहाच्या खटल्यात अकरा वर्षांची शिक्षा झाली, ती इतकी अन्यायाची होती की ओरड होऊन दोन वर्षांनी सोडावं लागलं. असा पोळलेला माणूस लिप्पेसारख्या शांत ठिकाणी आला आणि गप्प बसला नाही. 'नात्सी-यूस्केन' नावाच्या सदरात तो स्थानिक नाझींची अंतर्गत भांडणं, उसनवाऱ्या, बढाया छापायचा. एका भोळ्या नाझी कार्यकर्त्याच्या तोंडून, गावरान बोलीत. बातम्या इतक्या आतल्या असायच्या की पक्षात फितूर कोण, हे शोधता शोधता नाझींच्या नाकी नऊ आले. लिप्पे लहान. त्या सदरात कुणाचं नाव आलं की ते उभ्या गावाला माहीत व्हायचं. लहान राज्यात राजकारण असं चालतं, आणि म्हणूनच सूडही ओळखीची माणसं घेतात.

११ मार्च १९३३ला त्याला डेटमोल्डमध्ये पकडलं. पाच महिने कोठडी. ७ ऑगस्टला, दाखाउच्या छळछावणीत हलवतो म्हणून गाडीत घातलं. गाडी वारबुर्गच्या दिशेनं निघाली आणि क्लायनेनबर्गच्या जंगलात थांबली. पळून जात होता म्हणून गोळी घातली, असं नंतर सांगण्यात आलं. युद्धानंतर खटले उभे राहिले, शिक्षा थोड्या वर्षांच्या झाल्या.

क्लायनेनबर्ग आणि शेर्फेडेच्या मधला रस्ता सरळ जंगलातून जातो. ट्रक सुसाट. स्मृतिशिळा शोधायला आम्हाला दोनदा गाडी वळवावी लागली. साधा दगड आहे, भोवती ओली पानं. मामांनी नाव वाचायचा प्रयत्न केला, मी उच्चार सांगितला, त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. फेशेनबाख. फेशेनबाख. हजेरी घेताना नव्या मुलाचं नाव नीट यावं म्हणून मास्तर म्हणतात तसं.

कबर तिथून जवळ, रिम्बेक गावच्या ज्यू दफनभूमीत. तिथं फार वेळ थांबलो नाही. ज्यू लोक कबरीवर फुलं न ठेवता खडा ठेवतात, हे मी मामांना वाटेत सांगितलं होतं. त्यांनी खिशातून एक बारका लालसर तुकडा काढला. वीटभट्टीवरचा होता, परवा कधी उचलला ते मला कळलंही नव्हतं. तो ठेवला, हात जोडले आणि गाडीकडे निघाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी पाकिटातून ते तिकीट काढलं. एका बाजूला हेरफोर्डची चुकलेली गाडी, दुसऱ्या बाजूला नऊ, सात, दोन, एक, एक, एक आणि कोपऱ्यात माशी. उरलेल्या जागेत त्यांनी लिहिलं, १५ जानेवारी. खाली लिहिलं, ७ ऑगस्ट. मग महिने बोटांच्या पेरांवर मोजायला लागले, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा तेवढं मला विचारलं.

"दोनशे चार दिवस," ते म्हणाले आणि पेन्सिल खिशाला लावली.

हॅनोव्हरपर्यंत भडंगाचा पुडा कुणी उघडला नाही.